‘आयएसएसएन आहे ना? मग बिनधास्त वापरा’: या मेसेजमध्ये काय काय चुकलंय

एम.ए., पीएच.डी.च्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘आयएसएसएन किंवा डीओआय असेल तर शोधनिबंध अस्सल. साइट डॉट ऑर्ग असेल तर विश्वासार्ह. विकिपीडिया उघडूच नका. सिमिलॅरिटी १० टक्क्यांच्या आत आली की वाङ्मयचौर्य नाही.’ पाठ करायला सोपा आहे, एवढाच त्याचा गुण.

‘आयएसएसएन असेल तर अस्सल’

आयएसएसएन हा नियतकालिक ओळखण्यापुरता आठ अंकी क्रमांक. भारतात तो दिल्लीच्या नॅशनल सायन्स लायब्ररीकडून फुकट मिळतो. निबंध तज्ज्ञांनी तपासलेत का, याच्याशी त्याचा संबंध नाही.

खरी भानगड क्लोन जर्नलांची. नावाजलेल्या जुन्या पत्रिकेचं नाव आणि क्रमांक जसाच्या तसा उचलायचा, नवी वेबसाइट थाटायची आणि फी गोळा करायची. हे पकडायचं तर आयएसएसएन पोर्टलवर तो क्रमांक टाका. शीर्षक, देश आणि माध्यम दिसतं. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीचे क्रमांक वेगळे असतात. साइट ‘ऑनलाइन’ म्हणून मिरवते तो क्रमांक छापील अंकाचा निघाला, तर संशय घ्या आणि ग्रंथालयातला जुना अंक काढून संपादक मंडळ व पत्ता ताडून बघा. ‘यूजीसी केअर’चा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्य नियतकालिकांच्या यादीचा, शिक्का बघून तर आता मुळीच भुलू नका. ती यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली.

‘डीओआय असेल तर अस्सल’

डीओआय म्हणजे दस्तऐवजाचा कायमचा पत्ता. झेनोडो या खुल्या ऑनलाइन संग्रहावर कोणीही फाइल चढवून तो मिळवू शकतं. लसीचा संबंध ऑटिझमशी जोडू पाहणारा ब्रिटिश डॉक्टर वेकफिल्ड यांचा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९८ साली आला, तोही अवघ्या १२ मुलांवरचा. २०१० मध्ये तो मागे घेतला गेला, पण त्याचा डीओआय अजून उघडतो. पानावर ‘मागे घेतला’ अशी सूचना दिसते. मित्राने पाठवलेल्या जुन्या पीडीएफमध्ये ती नसते. म्हणून निबंध संदर्भसूचीत घालण्याआधी प्रकाशकाच्या पानावर जाऊन बघा, किंवा झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा. मागे घेतलेल्या निबंधांवर ते इशारा देतं.

‘डॉट ऑर्ग म्हणजे विश्वासार्ह’

हे नाव पैसे भरून कोणीही घेऊ शकतं. डॉट गव्ह डॉट इन अर्जदार तपासून देतात, पण सरकारी म्हणजे ताजं नव्हे. मराठी विश्वकोशाच्या जुन्या खंडांत गावाच्या लोकसंख्येपुढे कंसात १९७१ किंवा १९८१ दिसतं. ते साल गाळून आकडा ‘सध्याचा’ म्हणून प्रबंधात उतरवला, तर दोष कोशाचा नाही.

‘विकिपीडिया उघडूच नका’

उघडा, फक्त संदर्भ म्हणून देऊ नका. तळटीपेतला मूळ ग्रंथ मिळवून त्याचं पान स्वतः वाचा. तळटीपेत बातमी असेल तर ‘इतिहास पहा’ वर जाऊन ते वाक्य लेखात कधी आलं ते बघा. बातमी त्यानंतरची असेल, तर वार्ताहराने विकिपीडियावरूनच उचललं असण्याची दाट शक्यता आहे. मग हे दोन पुरावे नव्हेत, एकच.

‘१० टक्क्यांच्या आत म्हणजे चोरी नाही’

सिमिलॅरिटी म्हणजे तुमचा मजकूर आधीच्या लेखनाशी किती जुळतो, याची सॉफ्टवेअरने काढलेली टक्केवारी. १० चा आकडा यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतला: १० टक्क्यांपर्यंतच्या किरकोळ साम्याला दंड नाही, एवढंच. श्रेय दिलेली अवतरणं आणि संदर्भसूची मोजणीतून वगळायची असतात. ती न वगळल्याने प्रामाणिक प्रबंधाची टक्केवारी फुगते. मराठीत उलटाही प्रकार होतो. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी वाचली जाणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टातला मजकूर सॉफ्टवेअरला निरर्थक अक्षरांसारखा दिसतो, जुनी मराठी पुस्तकं त्याच्या साठ्यात बहुधा नसतात, आणि इंग्रजी निबंधाचा चोख मराठी अनुवाद सहसा निसटतो. अहवालात ४ टक्के बघून खूश होण्याआधी फाइल युनिकोडमध्ये आहे का ते तपासा, आणि अनुवादलेल्या परिच्छेदांखाली मूळ लेखकाचं नाव व पृष्ठक्रमांक घाला.