‘पाडा आणि नवं बांधा’ म्हणणाऱ्या वाचकास

जुनं घर न पाडता दुरुस्त केल्याबद्दल मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे, तेव्हा उत्तरही लांबणार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या घराची डागडुजी हा भावनेचा मामला आहे, त्याला पर्यावरणाचा मुलामा कशाला? जाड भिंतींचं कौतुक पुरे. तुमच्यासारखं पाडून नवं, कमी वीज खाणारं घर बांधलं असतं तर दहा वर्षांत सगळं वसूल झालं असतं. आणि जाता जाता टोला: ‘तुम्ही बचत सांगता, हिशेब दाखवत नाही.’

टोला मान्य. काम सुरू करण्याआधीच्या वर्षाची मीटरची नोंद मी ठेवलीच नाही. भिंती उकरायची घाई झाली होती. शिवाय त्याच काळात घरातली दोन माणसं बाहेरगावी गेली, म्हणजे वापर तसाही घटणारच होता. तेव्हा ‘बिल निम्म्यावर आलं’ हे माझं वाक्य मी मागे घेतो.

पण दहा वर्षांचं गणित तुम्ही कुठून सुरू करता? नव्या घरात राहायला गेलात त्या दिवसापासून. माझ्या मते ते सिमेंटची पहिली गोणी फुटते त्या दिवसापासून सुरू व्हायला हवं. सिमेंटसाठी चुनखडी भाजतात. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच बाहेर पडतो; भट्टीच्या इंधनाचा धूर वेगळा. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के आहे, तो असा. नव्या घराची बचत थोडीथोडी, वर्षानुवर्षं जमत जाते. त्याचा धूर मात्र आधीच होऊन गेलेला असतो.

अमेरिकेतल्या नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्वेशन या संस्थेने २०११ मध्ये हाच प्रश्न अभ्यासला. ऊर्जेच्या वापरात सरासरीपेक्षा ३० टक्के जास्त कार्यक्षम अशी नवी इमारत बांधली, तर बांधकामामुळे हवामानावर पडलेला बोजा फिटायला इमारतीच्या प्रकारानुसार १० ते ८० वर्षं लागतात, असं त्यात निघालं. म्हणजे तुमची दहा वर्षं ही त्यातली सगळ्यात आशावादी बाजू. संस्था जुन्या वास्तू जपणारी आहे, तिचा कल कुठे असणार हे उघड आहे, असं तुम्ही म्हणाल. म्हणून त्याच अभ्यासातली दुसरी बाजूही सांगतो. गोदामाची राहती घरं केली तेव्हा जुनं वापरण्याचा फायदा दिसला नाही, कारण त्या बदलात नवं सामानच फार लागलं. जुनं ठेवलं म्हणजे आपोआप पुण्य लागत नाही; आत काय आणि किती भरता, त्यावर ते ठरतं.

आता जाड भिंती. इथे तुमचं बरोबर आहे आणि मी ढिसाळ लिहिलं होतं. जाड भिंत उष्णता अडवते कमी, लांबवते जास्त. दिवस तापलेला आणि रात्र गार असेल तर हे फार सोयीचं. रात्रही उकडत असेल तर तीच भिंत आपण आडवे होतो त्या वेळेला दिवसभराची धग आत सोडू लागते. आणि थंडी सलग असेल तर त्या भिंतीतून घरातली ऊब नुसतीच गळते. ५ सेंटिमीटर दगडी लोकर (दगड वितळवून काढलेल्या धाग्यांचा थर) जेवढा अडथळा करते, तेवढा विटांनी करायचा तर भिंत पाऊण ते एक मीटर जाड लागेल! म्हणून मी लोकर घातली. पण भिंतीला नाही, पोटमाळ्याच्या तळाला. ऊन सगळ्यात जास्त झेलतं छप्पर, आणि थंडीत गरम हवा चढते तीही तिकडेच. तिथलं काम स्वस्त, आणि भिंतीला धक्काही लागत नाही.

भिंतीला धक्का लावायला मी का घाबरतो, त्यामागे एक जुनी फजिती आहे. न्हाणीघरालगतच्या भिंतीचा चुन्याचा गिलावा सुटला होता. गवंडी म्हणाला, चुनाच लावू. मी म्हणालो, छे, सिमेंट, एकदाच मजबूत करून टाकू. दोन वर्षांत खांद्याच्या उंचीपर्यंत लोणा (ओलीबरोबर वर येणारा क्षार) लागला, विटांचा दर्शनी भाग भुगा होऊन पडायला लागला. चुन्यातून ओल सुटून जाते, सिमेंटच्या कडक थरामागे ती कोंडते. त्यात ओली भिंत कोरडीपेक्षा जास्त उष्णता वाहून नेते, म्हणजे मजबुती गेली ती गेलीच, ऊबही गेली. सगळं खरवडून पुन्हा चुना लावला, दरजाही चुन्यानेच भरल्या. गवंड्याने एका शब्दानेही टोमणा मारला नाही, तेच जास्त लागलं.

तुम्ही सुचवता तसा आतून थर्माकोल चिकटवला असता तर थंडीत मूळ भिंत आणखी गार पडली असती. खोलीतली वाफ फटींतून मागे शिरून तिथे पाणी धरते, आणि बुरशी दिसते तोवर उशीर झालेला असतो. बाहेरून आवरण घालणं त्यापेक्षा बरं. पण ओलीचा उगम आधी शोधायला हवा.

खिडक्यांबद्दल फार लिहीत नाही. चौकटी सागाच्या आणि धड होत्या. सुताराकडून झडपा नीट बसवून घेतल्या, फटींना पट्ट्या लावल्या, आतून दुसरं तावदान बसवलं. दुहेरी काचेतून एकेरीच्या साधारण निम्मी उष्णता जाते. एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी: घर इतकं बंद केल्यावर स्वयंपाकघरात हवा खेळती राहील अशी वेगळी सोय करा. मी ती सगळ्यात शेवटी केली, आधी करायला हवी होती.

तुमच्या नव्या घराची सिमेंट-लोखंडाची बिलं तुमच्याकडे असतीलच. किती गोण्या, किती लोखंड, तेवढं इथे लिहा. मी माझ्या चुन्याचा, लोकरीचा आणि काचेचा आकडा देतो. मीटरची नोंद या महिन्यापासून दोघांनीही ठेवू, घरात किती माणसं राहतात त्यासकट.