बॅटरीचा तुटका टर्मिनल आणि चांदीच्या कागदाचा इलाज

गाडीच्या बॅटरीचा टर्मिनल, म्हणजे बॅटरीच्या पोलवर (वर आलेल्या शिशाच्या खुंटीवर) बसणारा केबलचा क्लॅम्प, तडकला किंवा सैल झाला तर नवा घेण्याची गरज नाही, असे सांगणारा एक संदेश सध्या पुष्कळ फिरतो आहे. पोलभोवती चांदीचा कागद, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉइल, गुंडाळावा, तरीही सैल वाटल्यास फटीत खिळा ठोकावा, वरून एम-सील थापावे आणि निर्धास्त राहावे, कारण एकदा इंजिन सुरू झाले की बॅटरीचे काम संपते, असा त्याचा एकूण आशय आहे. अडल्या वेळी अशा उपायाने गाडी सुरू होते, हे नाकारण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो निर्धास्त राहण्याच्या सल्ल्याला.

दिवे लागले, हॉर्न वाजला, म्हणजे जोड पक्का झाला, ही यामागची पहिली समजूत आहे. हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब जेमतेम साडेचार-पाच अँपियर घेतो, तर लहान पेट्रोल गाडीचा स्टार्टरसुद्धा (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) शंभर-दीडशे अँपियर सहज ओढतो. कागद गुंडाळलेल्या जोडाचा रोध 10 मिलिओहम धरला, तर बल्बसाठी त्या जागी 0.05 व्होल्ट खर्ची पडतात, म्हणजे काहीच नाही. पण 150 अँपियरला तेथेच दीड व्होल्ट जातो आणि 225 वॅट उष्णता तयार होते. किल्ली फिरवल्यावर स्टार्टर नुसता टकटक करतो आणि मालक चांगली बॅटरी मोडीत घालून नवी घेतो, तो प्रकार अनेकदा यातूनच घडतो. शिवाय अ‍ॅल्युमिनियमवर वीज न वाहू देणारा ऑक्साइडचा थर असतोच. त्यात बॅटरीच्या आम्लाचा ओलावा लागला की तो पातळ कागद खाल्ला जाऊन क्लॅम्पच्या आत काळपट पापुद्रे तेवढे उरतात.

खिळ्याचा उपाय त्याहून महाग पडतो. पोल शिशाचा, म्हणजे मऊ. खिळ्याने त्यावर कायमची खाच पडते आणि पुढे नवा टर्मिनलही त्यावर नीट बसत नाही. हातोडीच्या घावांनी पोलच्या बुडाशी झाकणाला तडा गेला, तर तेथून आम्ल झिरपू लागते. एम-सीलबद्दल एवढेच सांगणे पुरे की ते वीजवाहक नाही, आणि आतला जोड तापतो आहे की गंजतो आहे हेही ते दिसू देत नाही.

बॅटरीचे काम संपते, हे विधान मात्र सर्वांत घातक आहे. जुन्या, यांत्रिक पंपाच्या डिझेल गाड्या बॅटरीवाचून चालत, आणि ही समजूत बहुधा तेथूनच आली असावी. आजच्या गाडीत चार्जिंग चालू असताना सैल टर्मिनल सुटला, तर अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा, सुमारे 14 व्होल्टचा दाब क्षणभर 40 च्याही वर उसळू शकतो आणि त्याची किंमत ईसीयूला, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाला, मोजावी लागते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. त्याशेजारी ठिणगी पडणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण.

मग रस्त्यात काय करावे? इंजिन बंद करून आधी निगेटिव्ह सोडावा, नंतर पॉझिटिव्ह, म्हणजे पाना बॉडीला टेकला तरी शॉर्ट होत नाही. दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने चकचकीत करावेत, सैलपणा असल्यास शिशाची पातळ पट्टी किंवा तांब्याच्या वायरच्या तारा पोलभोवती सारख्या पसराव्यात, आणि क्लॅम्प तडकलेला असल्यास बाहेरून होज क्लिप (रबरी नळी आवळण्याची स्क्रूची पट्टी) आवळावी. वीज येथे शिसे-तांब्यातूनच जाते. क्लिप फक्त दाब देते. हाताने हलवून टर्मिनल जराही फिरला नाही, तरच किल्ली लावावी आणि थेट ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जावे. शंका असल्यास कोणी स्टार्टर मारत असताना मल्टिमीटरची एक टोचणी पोलवर आणि दुसरी क्लॅम्पवर धरावी, 0.2 व्होल्टच्या वर आकडा गेला तर तो जोड पुन्हा करणे भाग आहे.

नवा टर्मिनल घेताना पोलची जाडी दाखवूनच घ्यावा. पॉझिटिव्ह पोल निगेटिव्हपेक्षा जाड असतो, आणि बऱ्याच लहान गाड्यांच्या बॅटरीला दोन्ही पोल बारीक येतात. त्यांवर जाड पोलचा क्लॅम्प शेवटपर्यंत आवळल्यानेच तो पुष्कळदा तडकतो.