अस्वल, मेल्याचं सोंग आणि एक फॉरवर्ड

दिवाळीच्या सुट्टीत हंपीला निघालेल्या आमच्या जुळे सोलापूरच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलंय: ‘अस्वल दिसलं तर मेल्याचं सोंग घ्या, झाडावर चढा किंवा उतारावरून पळा. काळं असेल तर उलट मारा, ते घाबरतं.’ आपल्या नान्नजच्या माळावर काळवीट आणि लांडगे आहेत, अस्वल नाही. हंपीजवळचं दरोजी मात्र १९९४ पासून अस्वलांचंच अभयारण्य आहे. म्हणून कळकळीनं लिहितेय.

झाडावर चढून उपयोग नाही. मधासाठी ते स्वतःच झाडावर चढतं. ‘पुढचे पाय आखूड, उतारावर गडगडतं’ हेही खोटं. चढ असो की उतार, ते माणसाला सहज गाठतं.

‘काळं असेल तर मारा’ ही ओळ सगळ्यात घातक. हा सल्ला उत्तर अमेरिकेतल्या काळ्या अस्वलासाठीचा. ती जातच वेगळी. आपलंही अस्वल काळंच, पण त्याची नजर अधू असते. माणूस अचानक पुढ्यात आला की दचकून अंगावर येतं आणि वारुळं फोडायची ती बोटभर लांब नखं थेट तोंडावर मारतं.

काहींना ते घाबरट वाटतं, त्याचं कारण मला ठाऊक आहे. लहानपणी गल्लीत दरवेशी यायचा. भीती जाते म्हणून आजीनं मला अस्वलाच्या पाठीवर बसवलं होतं. त्याच्या नाकातून ओवलेली दोरी अजून डोळ्यांसमोर आहे. तापल्या सळईनं नाक टोचून, दात पाडून ती अस्वलं नाचवायचे. रानातलं अस्वल तसं नसतं.

राहिलं मेल्याचं सोंग. शाळेतल्या गोष्टीमुळे ते सगळ्यांना पटतं, आणि ते अर्धंच खरं आहे. लांब दिसलं तर आडवं पडू नका. त्याच्याकडे तोंड ठेवून, हळू आवाजात बोलत मागं सरका. अंगावर आलंच तर पालथं पडा, उताणं नाही. चेहरा मातीत, दोन्ही हात मानेमागं गुंफलेले, पाठीवर सॅक असेल तर तशीच राहू द्या. ते निघून गेल्यावरही लगेच उठू नका.

दरोजीत मनोऱ्यावरूनच बघा. पहाटे टेकडी चढायचा बेत असेल तर आधी उजाडू द्या, तिघं-चौघं मिळून मोठ्यानं बोलत चला. दिवसा ते कपारीत पडून असतं. फोटोसाठी आत डोकावू नका. पाठीवर पिलं घेतलेली मादी दिसली तर आल्या वाटेनं परत फिरा.