साडेपाचशे पावलं

जमिनीच्या मोजणीसाठी अ या खुंटीपासून निघालो, ब, क, ड, इ करत पाचही बाजू मोजल्या आणि परत अ ला येऊन टेकलो. मी आलो, तिपाई आली, यंत्राची पेटी आली, टेप आली. वहीतला हिशेब तेवढा आला नाही. तो अ पासून ३०.३४ मीटरवर कुठेतरी रुसून उभा राहिला. गोष्ट परवाची, पण राग ताजा आहे. आणि राग गणिताचा नाही, एका आजोबांचा आहे. त्यांच्याकडे येतोच.

आधी हिशेब काय असतो ते उरकून घेऊ. बंद ट्रॅव्हर्समध्ये, म्हणजे खुंटीमागून खुंटी जोडत पहिलीवरच परत येणाऱ्या मोजणीत, दोनच गोष्टी हाताशी असतात: प्रत्येक बाजूची लांबी, आणि उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने तिचा कोन, म्हणजे बेअरिंग. लांबी गुणिले कोसाइन केलं की बाजू उत्तरेकडे किती सरकली ते कळतं, ते लॅटिट्यूड. लांबी गुणिले साइन केलं की पूर्वेकडे किती, ते डिपार्चर. दक्षिण आणि पश्चिम उणे धरायच्या. फिरून जागेवर आलात तर जेवढे उत्तरेला गेलात तेवढेच दक्षिणेला उतरलेले असणार, म्हणून दोन्ही रकान्यांची बेरीज शून्य. शाळेतल्या त्रिकोणमितीबाहेरचं यात काही नाही. म्हणूनच चुकल्यावर लाज जास्त वाटते.

पहिली बाजू अ-ब, ६२.४० मीटर, बेअरिंग ४७°३०′. म्हणजे ईशान्य, डोळ्यांना समोर दिसत होती. कॅल्क्युलेटर म्हणाला, उणे ५८.०४ आणि उणे २२.९२. म्हणजे नैर्ऋत्य! मागे वळून पाहिलं, तिकडे आमचं काहीच नव्हतं. कॅल्क्युलेटर रेडियनवर होता, म्हणजे कोन अंशांऐवजी दुसऱ्याच एककात धरत होता. डिग्रीवर आणलं आणि मी ऐटीत ४७.३० दाबलं. आता अंशांतली मिनिटं साठाची आणि दशांश शंभराचे, त्यामुळे ४७ अंश ३० मिनिटं म्हणजे ४७.५०, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण साडेचार वाजले की ४.३० लिहायची जन्माची सवय बोटांना असते, बोटं डोक्याला विचारत नाहीत. या ०.२ अंशाने ६२ मीटरच्या रेषेचं टोक २२ सेंटिमीटर सरकतं. रेडियनची चूक बोंब मारत येते. ही मात्र चपला हातात घेऊन येते: लॅटिट्यूड ४२.३१७ आलं काय आणि ४२.१५७ आलं काय, दोन्ही चेहरे सारखेच सज्जन. तेही सुधारलं.

कोनांवर संशय घ्यायला जागा नव्हती. पाच बाजूंच्या आकृतीत आतले कोन मिळून ५४० अंश व्हायला हवेत. बाजूंच्या संख्येतून दोन वजा करून १८० ने गुणायचं. आमचे ५३९°५९′२०″ भरले, ४० सेकंद कमी (अंशाच्या मिनिटाचेही सेकंद साठच). कोन मोजायचं यंत्र २० सेकंदांपर्यंत वाचतं, त्याला पाचाच्या वर्गमुळाने गुणलं की सुमारे ४५ सेकंदांची सूट मिळते. त्या सवलतीत बसलो, म्हणून प्रत्येक कोनाला ८ सेकंदांचा प्रसाद दिला आणि त्यावरून पुढची बेअरिंग काढली. तरीही लॅटिट्यूडची बेरीज अधिक ११.६९ आणि डिपार्चरची उणे २८.००. वर्ग करा, मिळवा, वर्गमूळ काढा: ३०.३४.

आता आजोबा.

सकाळपासून ते काठीवर हनुवटी टेकून आमच्याकडे बघत होते. मी पेटीवर बसून तिसऱ्यांदा बेरीज करत होतो तेव्हा जवळ आले.

"जमलं का?"

"जुळत नाहीये, आजोबा."

"काय जुळत नाही?"

"निघालो तिथे परत येत नाहीये."

त्यांनी खुंटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही तर इथंच बसलाय."

"मी बसलोय हो. कागदावर नाहीये."

"मग कागदावर कुठं आहात?"

"तीस मीटर तिकडे." मी वायव्येकडे हात केला. हाताच्या रेषेत एक झुडूप होतं. आजोबा काही न बोलता त्या झुडपापर्यंत गेले, काठीने दोन फांद्या बाजूला केल्या, आत वाकून पाहिलं आणि परत आले.

"तिथं कुणी नाही."

यावर माणसाने काय बोलावं? मी म्हटलं, गणिताची चूक आहे, होते कधीकधी. ते म्हणाले, "मग मी बघतो." म्हटलं बघतील, म्हणजे वही बघतील. ते चालायला लागले. अ वरून ब, ब वरून क, प्रत्येक खुंटीला काठी टेकवत, ओठांनी मोजत, मधे कुणाशी न बोलता. (हे विशेष. सकाळी आमच्याशी बोलताना हा संयम नव्हता.) पाचही बाजू फिरून अ ला आले, खुंटीवर काठी ठोकली.

"आलो की!"

"हो."

"मग माझी चूक किती?"

मी गप्प.

"शून्य ना? शून्य लिहा." आणि वहीकडे बोट. "साडेपाचशे पावलं झाली. तेही लिहा."

मला चिडायचा पुरेपूर हक्क होता. पावलांनी परिमिती निघेल, आकार कसा निघणार? पाच काड्या टोकाला टोक लावून जोडल्या तर तीच परिमिती ठेवून त्यांची फुगीर आकृतीही होते आणि चपटीही. लांब्या त्याच, क्षेत्रफळ निराळं. कोनाशिवाय सगळं व्यर्थ आहे. हे मी त्यांना काड्या मोडून दाखवलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमचं निघालं का?"

पाऊल किती लांब, हे मी सहज विचारलं. "पाऊण मीटर," ते म्हणाले. "पूर्वी जास्त होतं." साडेपाचशे गुणिले पाऊण, ४१२.५. माझ्या पाच बाजूंची बेरीज होती ३८२. कॅल्क्युलेटरचा पडदा मी हाताने झाकला.

शिकवताना ज्यावर कुणी चार मिनिटंसुद्धा घालवत नाही ती गोष्ट इथे कामाला येते. चुकीला लांबी असते तशी दिशाही असते. डिपार्चरच्या बेरजेला लॅटिट्यूडच्या बेरजेने भागून उलट टॅन काढला तर ६७°२०′ उत्तरेकडून पश्चिमेला. उलटी दिशा ११२°४०′. आता बेअरिंगचा रकाना वरून खाली वाचायचा. क-ड चं बेअरिंग ११२°३०′. सापडला! चुकीची रेघ ज्या बाजूला समांतर, त्या बाजूच्या लांबीत घोटाळा. आणि चूक जवळजवळ ३० मीटरची, आमची टेपही ३० मीटरची. एक अख्खी टेप गिळली गेली होती. चूक एकच असेल तोवर ही युक्ती चालते. दोन बाजूंनी एकदम दगा दिला की दिशा भलतीकडेच बोट दाखवते.

टेप गिळली कशी जाते? लांब बाजू मोजताना टेपचा पुढचा माणूस प्रत्येक ३० मीटरला जमिनीत लोखंडी बाण खोचतो, मागचा तो उपटत येतो. शेवटी मागच्याच्या हातात जितके बाण तितक्या पूर्ण टेपा. क-ड वर मागे होता माझा जोडीदार, त्याच्या हातात निघाले २. म्हणून मी लिहिलं दोन टेपा आणि ४.२० मीटर, म्हणजे ६४.२०. प्रत्यक्षात बाण तीन होते. जोडीदार शपथेवर सांगत होता की त्याने सगळे उचलले. मग हळूच म्हणाला, मधे ते आजोबा विचारत होते, या कामाचे पैसे किती मिळतात, लग्न झालंय का. थैलीतले बाण मोजले. दहाचा संच. नऊ.

म्हणजे ज्यांनी हिशेब बिघडवला त्यांनीच मला शून्य लिहायला सांगितलं!

आता यातली गंमत, म्हणजे मला गंमत वाटत नाही तो भाग. हे ३० मीटर शोधलेच नसते तरी काम अडलं नसतं. चूक वाटून द्यायला बाउडिचचा नियम आहे. हा नथॅनिएल बाउडिच अमेरिकेतला, जहाजं कशी हाकावीत याचं गणित करणारा. त्याचा नियम १८०८ चा, आणि न्यायाने वाटण्या करणाऱ्या वडीलधाऱ्यासारखा: एकूण चूक गुणिले त्या बाजूची लांबी भागिले परिमिती, चिन्ह उलट. समजा, क-ड खरंच ९४.२० निघाली. मग परिमिती ४१२, उरलेली बेरीज अधिक ०.२१ आणि उणे ०.२८, एकूण चूक ०.३५ मीटर. अ-ब च्या वाट्याला लॅटिट्यूडमध्ये उणे ०.०३२, डिपार्चरमध्ये अधिक ०.०४२. हे सभ्य आहे. पण बाउडिच इतका सज्जन की ३० मीटर दिले तरी निमूटपणे पाच घरांत वाटून टाकतो. आकृती कागदावर सुंदर बंद होते, बेरीज शून्य, आणि पाचही बाजू खोट्या. मग त्याच बाजूंवरून निघालेल्या निर्देशांकांचे तिरके गुणाकार करून क्षेत्रफळ काढायचं: प्रत्येक बिंदूचा पूर्वेचा आकडा गुणिले पुढच्याचा उत्तरेचा, वजा उलटा गुणाकार, सगळ्याची बेरीज, त्याचं निम्मं. पहिला बिंदू खाली पुन्हा लिहायला विसरलात तर एक बाजू गळते, निम्मं करायला विसरलात तर जमीन दुप्पट होते, आणि घड्याळाच्या दिशेने गेलात तर उत्तर उणे येतं, त्याला घाबरायचं नाही. हे सगळं अगदी बिनचूक करूनही उत्तर खोटंच. गणिताला त्याचं काही सोयरसुतक नसतं.

आणि वही तपासणारे तरी काय बघतात? शेवटची ओळ. माझी ०.३५ भागिले ४१२, म्हणजे सुमारे ११७७ ला १, अशी प्रामाणिक चूक खाली लिहिली की तिच्याभोवती लाल गोल पडतो. शेजारच्या वहीत चूक शून्य असते, कारण शेवटची बाजू मोजलेलीच नसते, उरलेल्या चारांवरून काढून घातलेली असते. त्याला शेरा मिळतो 'छान'. पुस्तकातली उदाहरणंही तसलीच: बेअरिंग गोल आकड्यांची, उत्तर मागच्या पानावर, टेप कधी उन्हात तापत नाही. खरं म्हणजे १० अंश सेल्सिअस तापली तर ३० मीटरची पोलादी टेप साडेतीन मिलिमीटर वाढते. जमिनीला ३० मीटरमागे १ मीटर चढ असेल तर उताराची दुरुस्ती जवळजवळ १७ मिलिमीटर. तापमान सगळे आठवणीने लिहितात, चढ विसरतात. एव्हरेस्टची उंची १८५६ मध्ये २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली, तेव्हाची दंतकथाच आहे की उत्तर नेमकं २९,००० आलं होतं, पण लोकांना ते अंदाजपंचे वाटेल म्हणून वर दोन फूट चढवले. खरी असो नसो, ती रचणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी वही तपासून घेतली असणार.

असो. वहीत ६४.२० चे ९४.२० करणं पाच सेकंदांचं काम होतं. ते करायचं नसतं. संशय आला ती बाजू जागेवर जाऊन पुन्हा मोजायची, जुना आकडा एका रेघेने खोडून वर नवा लिहायचा, खोडरबर वापरायचं नाही. नियम म्हणजे नियम. काल सकाळी उजाडताच आम्ही टेप घेऊन गेलो. क शोधली, नव्हती. ड शोधली, नव्हती. कुठलीच नव्हती. खुंटी ठोकली की जवळच्या दोन-तीन पक्क्या खुणांपासून तिचं अंतर मोजून टिपून ठेवायचं असतं, म्हणजे ती हरवली तरी जागा सापडते. ते मी 'उद्या करू' म्हणून ठेवलं होतं.

आजोबा समोरून येत होते. काखेत मोळीसारखं काहीतरी.

"काल विसरून गेलात की सगळं," ते म्हणाले आणि माझ्यापुढे एकेक ठेवत गेले. "पाच खुंट्या. आणि ही एक लोखंडी सळई, तुमचीच असेल, काल गप्पा मारताना सापडली. घ्या मोजून."