"आमच्या वेळी खरी मैत्री होती" वाल्या फॉरवर्डला माझं उत्तर

फॅमिली ग्रुपवर परवा तो मेसेज परत आला, काकांनी टाकला, सकाळी पावणेसहाला. कोणाकोणाला आला असेलच. "आमच्या वेळी कट्ट्यावर मैत्री व्हायची, आता मोबाइलवर होते. इन्स्टावर 500 फॉलोअर, पण खांद्यावर हात ठेवायला एक मित्र नाही. ऑनलाइन मैत्री म्हणजे खोटी मैत्री. मुलं एकमेकांना भेटतच नाहीत. आजच फोन काढून घ्या, बालपण परत मिळेल." खाली जोडलेले हात आणि दहा ग्रुपला पाठवायची आज्ञा. आजपर्यंत मी अंगठा देऊन गप्प बसायचे, पण घरात नववीतली पोरगी आहे आणि हे वाचून सासूबाई तिच्याकडे अशा बघायला लागल्या की जणू ती जुगार खेळतेय, म्हणून या वेळी एकेक मुद्दा घेते.

आधी कट्टा. कोणाचा कट्टा हो? मी कोल्हापूरची, रंकाळ्यावर आमचा दादा आणि त्याचे मित्र रात्री नऊपर्यंत बसायचे, घरी कोणी विचारायचं नाही. मी मात्र दिवेलागणीच्या आत घरात. पलीकडच्या गल्लीत मैत्रिणीकडे जायचं म्हटलं तरी "कशाला? उद्या शाळेत भेटणारच आहेस ना" हे ठरलेलं. लँडलाइन होता, पण तो हॉलमध्ये, क्रोशाच्या रुमालाखाली, आणि शेजारच्या खुर्चीत बाबा पेपर वाचत, म्हणजे पेपर नुसता धरलेला, कान माझ्याकडे. त्यामुळे या फॉरवर्डमधलं गोड बालपण बहुतेक मुलग्यांचं आहे, आमचं नाही. माझ्या लेकीला रात्री साडेनऊला स्वतःच्या खोलीतून मैत्रिणीशी मनातलं बोलता येतं, हा कट्टा मला कधी मिळालाच नव्हता. आणि तोही अजून सगळ्या मुलींना मिळालेला नाही. असर नावाचा सर्व्हे असतो ना ग्रामीण भागातल्या शिक्षणाचा, त्याच्या 2023 च्या अहवालात 14 ते 18 वयाची जी मुलं स्मार्टफोन वापरू शकतात त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे 43.7 टक्के आणि मुली 19.8 टक्के. म्हणजे नव्या कट्ट्यावरही जागा आधी दादालाच.

500 फॉलोअरचं म्हणाल तर फॉलोअर म्हणजे मित्र असं पोरं समजतच नाहीत, तो आपला गैरसमज. लेकीची इन्स्टावरची क्लोज फ्रेंड्सची, म्हणजे खास मैत्रिणींची, यादी 9 जणींची आहे. आम्ही स्लॅमबुक अख्ख्या वर्गाकडून भरून घ्यायचो, त्यातल्या किती जणांनी खांद्यावर हात ठेवला?

आता "ऑनलाइन मैत्री खोटी". यावर मला सगळ्यात जास्त राग आहे. मागच्या वर्षी आम्ही कोल्हापूर सोडून पिंपरी-चिंचवडला आलो, पोरगी पहिले दोन महिने रडकुंडीला आलेली. रोज संध्याकाळी ती फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवते, व्हिडिओ कॉल चालू, पलीकडे कोल्हापूरची मैत्रीण. मला वाटायचं काय एवढ्या गप्पा, एकदा डोकावले तर दोघी भूमितीची प्रमेयं लिहितायत, अर्धा तास एक शब्द नाही. मधेच "अगं ती रीझन काय लिहिलीस", परत शांतता. तिकडे त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या इकडे ऐकू येतात. शेजारी बसून अभ्यास करणं यापेक्षा वेगळं काय असतं?

माझी सख्खी मैत्रीण 1996 साली वडिलांच्या बदलीमुळे नांदेडला गेली. तीन निळी आंतरदेशीय पत्रं आली, मग संपलं. चांगली 20 वर्षं संपलेलंच होतं, आणि परत कुठे सापडली तर दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. ती आमची "खरी" मैत्री मोबाइल नव्हता म्हणून तुटली हो. आणि काका, तुमच्याही बॅचचं गेट-टुगेदर मागच्या डिसेंबरात व्हॉट्सअ‍ॅपवरच जमलं ना? फोटो बघितलेत मी.

अमेरिकेतल्या प्यू रिसर्च या सर्व्हे करणाऱ्या संस्थेने 2022 मध्ये 13 ते 17 वयाच्या मुलांना विचारलं होतं, तर 80 टक्के म्हणाले की सोशल मीडियामुळे मित्रांच्या आयुष्यात काय चाललंय ते कळत राहतं, आणि 67 टक्के म्हणाले की अवघड वेळी आधार देणारी माणसं तिथे आहेत. अमेरिकेची पोरं आहेत, आपली नाहीत, मान्य. पण फॉरवर्डमध्ये तर कुठलीच पोरं नाहीत.

"भेटतच नाहीत" हे थोडं खरं आहे. पण भेटणार कुठे? आमच्या सोसायटीत मोकळ्या जागेत पार्किंग, उरलेल्या तुकड्यावर "येथे बॉल खेळू नये" ची पाटी, आणि पाच ते आठ क्लास. पाटी लावली कोणी, क्लासची फी भरली कोणी?

गंमत म्हणजे फोनचं जे खरंच वाईट आहे त्याचा फॉरवर्डमध्ये उल्लेखच नाही. एका रविवारी लेकीने स्टोरी बघितली, वर्गातल्या सहा जणी केक कापतायत, हिला बोलावलंच नव्हतं. आमच्या वेळीही वगळायचे, पण ते सोमवारी कळायचं नाहीतर कधीच नाही, हिला ते लाइव्ह दिसलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच सहा जणींशेजारी बसायचं होतं. जेवली नाही त्या रात्री. प्यूच्या त्याच सर्व्हेत 31 टक्के मुलांनी सांगितलंय की सोशल मीडिया बघून आपल्याला मित्रांनी बाजूला काढलंय असं वाटतं. आणि ते स्नॅपचॅटचं स्ट्रीक, म्हणजे सलग किती दिवस एकमेकांना स्नॅप (फोटो) पाठवले त्याचा आकडा, 24 तासांत दोघांनी स्नॅप पाठवला नाही तर आकडा शून्य, वाळूचं घड्याळ दिसलं की जेवणावरून उठून छताचा फोटो काढून पाठवायचा. याला मीही मैत्री म्हणणार नाही, हजेरी म्हणेन.

राहिलं "फोन काढून घ्या". सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथे 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजायला लागला आणि दीड तास मोबाइल, टीव्ही बंद. पण पोरांचेच नाही, अख्ख्या गावाचे. तसं करायचं असेल तर माझी तयारी आहे. काका, तुमच्याकडे सात ते साडेआठ टीव्ही बंद राहणार का तेवढं काकूंना विचारून सांगा, मग मी पोरीचा फोन काढून घेते.