राक्षस माझ्याच अंगावर का आला?

दोन दिवस डोक्यात घोळतंय म्हणून लिहून टाकतो, लांबण लागणार आहे, बोर्ड गेमचं वेड नसेल तर खुशाल पुढे सरका.

ग्लूमहेवन नावाचा बोर्ड गेम: सगळ्यांनी मिळून शत्रूंशी (म्हणजे राक्षसांशी) लढायचं, आणि ते राक्षस कोणी खेळत नाही, नियमाप्रमाणे हलवायचे. २०१७ सालचा, दहा किलोच्या घरातला खोका, आत ९५ सिनारिओ (म्हणजे मोहिमा), १७ कॅरेक्टर क्लास (म्हणजे पात्रांचे प्रकार) आणि सतराशेच्या वर कार्डं. हा मांडून होईस्तोवर दुसरा एखादा गेम खेळून आवरूनही होतो. त्यामुळे २०१९ मध्ये त्याचं डिजिटल व्हर्जन अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अर्धवट तयार असतानाच, आलं (पूर्ण गेम यायला २०२१ चा ऑक्टोबर उजाडला) तेव्हा आपण तर म्हटलं सुटलो बुवा, ना टोकन मोजा ना नकाशाचे तुकडे जुळवा. तीसेक तास खेळलो असेन, आणि तेवढ्या जोरावर मित्रांना सांगितलं की आणा तो खोका, मला येतो, मी शिकवतो.

चौघे बसलो. पहिलाच सिनारिओ, ब्लॅक बॅरो, पहिल्याच खोलीत बँडिट गार्ड उभे. गार्डची पाळी आली आणि तिघं माझ्या तोंडाकडे बघायला लागले, हा आता कोणावर जाणार? मला सांगताच येईना! स्क्रीनवर तो शेकडो वेळा कोणाच्या ना कोणाच्या अंगावर धावून गेलेला मी बघितलाय, पण का जातो हे विचारायची वेळच कधी आली नव्हती.

नियम तसा सरळ आहे. कमीत कमी पावलांत ज्याच्यावर हल्ला करता येईल तो त्याचा फोकस, बरोबरी झाली तर जो जवळ तो, तिथेही बरोबरी तर ज्याचा इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम ठरवणारा आकडा, लहान तो पहिला) आधी तो. पण हे वाचून नाही मुरत, बोटाने हेक्स (नकाशावरची षटकोनी घरं) मोजताना 'अरे मध्ये ट्रॅप आहे, तो वळसा घालेल' असं दोनचारदा भांडलं की मुरतं. मग तुम्ही मुद्दाम एक हेक्स मागे उभे राहता आणि बला दुसऱ्याच्या गळ्यात टाकता. खरा खेळ तिथे चालू होतो राव.

तीच गत मॉडिफायर डेकची, म्हणजे हल्ला किती जोरात बसणार ते ठरवणाऱ्या पानांची. सुरुवातीला प्रत्येकाची २० पानांची गड्डी, त्यात एकच पान असं की अख्खा हल्ला पाण्यात, आणि एकच डबलचं. टेबलावर ती गड्डी डोळ्यांदेखत पातळ होत जाते. बारा पानं गेली, ना डबल आलं ना मिस, म्हणजे दोन्ही त्या उरलेल्या आठांत टपून बसलेत, मग आता ते एकदा खेळलं की त्या सिनारिओपुरतं जाणारं भारी कार्ड काढायचं का अजून थांबायचं, इथे घाम फुटतो. कॉम्प्युटरवरही हिशोब तोच, पण गड्डी पातळ होताना जाणवत नाही, म्हणून मिस आला की पहिला शब्द तोंडात 'चीटिंग'. मी स्वतः शिव्या घातल्यात. टेबलावर कोणाला घालणार, पान तुम्ही ओढलं, गड्डी तुम्ही पिसली.

आता कोणी म्हणेल, हा पुठ्ठ्याचा वास घेत बसणाऱ्यांपैकी. अजिबात नाही. हाताने खेळताना आम्ही काय काय घोळ घातलेत आमचं आम्हाला माहीत. वाटेत पडलेली नाणी चालता चालता उचलायची नसतात, पाळी जिथे संपते त्या हेक्समधलीच मिळतात, हे कळेपर्यंत आमचे खिसे तट्ट फुगले होते. डिजिटलमध्ये असलं चालत नाही, आणि रात्री अकराला एकट्याला खेळायचं तर दुसरा उपाय तरी काय.

डिसेंट नावाच्या अशाच राक्षस मारायच्या बोर्ड गेमवाल्यांनी मधला रस्ता काढला. २००५ पासून त्यात एक जण ओव्हरलॉर्ड व्हायचा, म्हणजे राक्षस हलवणारा, बाकीच्यांच्या मुळावर. २०१६ मध्ये त्याच्या खुर्चीत ॲप येऊन बसलं. ॲप सांगणार राक्षसाने काय करायचं, मिनिएचर हलवायची तुम्हीच. मला हे जास्त पटतं, कारण नियम निदान आपल्या हाताखालून जातो. फक्त मग सगळे टॅबकडे बघत बसतात, तो वैताग वेगळा.

माझं म्हणणं एवढंच की गेमने हिशोब खुशाल करावा, पण दाखवून करावा. बऱ्याच डिजिटल व्हर्जनमध्ये लॉग (घडलेल्या चालींची नोंद) असतो, तो काय झालं ते सांगतो, का झालं ते नाही. राक्षसावर क्लिक केलं की 'तुझ्यापर्यंत तीन पावलं, त्याच्यापर्यंत चार, म्हणून तू' एवढं एक वाक्य द्या ना. हे सगळं त्याला आधीच माहीत असतं, नाहीतर तो हललाच नसता.

तर त्या दिवशी शेवटी रूलबुक उघडलं. माझ्यापर्यंत तीन हेक्स, शेजारच्यापर्यंतही तीन, अंतरही सारखंच. इनिशिएटिव्ह बघितला, माझा १५, त्याचा ६१. गार्ड माझ्यावर. मित्र म्हणाला, "तीस तास नक्की काय करत होतास रे?"