सुपरमॉमचा मग आणि हिरकणी कक्षाचं कुलूप

आज महिला दिन. बायको सरकारी मेडिकल कॉलेजात रेसिडेंट डॉक्टर, म्हणजे हॉस्पिटलात ड्युटी करत पीजी (एमबीबीएसनंतरचं शिक्षण) करणारी. काल सकाळी इमर्जन्सी ड्युटीला गेली होती ती आज दुपारी चारनंतर घरी आली, एका हातात गुलाब आणि दुसऱ्या हातात कॉफीचा मग. मगवर लिहिलंय 'सुपरमॉम'. कॉलेजात कार्यक्रम होता म्हणे, ज्या रेसिडेंट डॉक्टरांना लहान लेकरं आहेत त्यांचा सत्कार. म्हणजे जी बाई रात्रभर लेबर रूममध्ये उभी होती, सकाळी राउंड झाला, डिस्चार्ज कार्डं लिहून झाली, तिला घरी झोपायला सोडायचं राहिलं बाजूला, हॉलमध्ये नेऊन बसवली, भाषणं ऐकवली, फोटो काढला आणि हा मग हातात दिला. आली, तो मग ओट्यावर ठेवला, आणि दिवाणावर पडली ती गाढ झोपली. जेवली पण नाही. आमची पोरगी चिमी उशाशी बसून गुलाबाच्या पाकळ्या उपटतेय आणि मी इकडे हे टाइप करतोय, कारण कुणाशी तरी भांडायचंय आणि घरात भांडायला जागं कुणी नाही.

माझे मित्र बरेचसे मास्तर, बँकवाले आणि डॉक्टर, त्यामुळे फार समजावून सांगायची गरज नाही. नवरा-बायकोतल्या कुणीतरी पोर सांभाळायचं असतं, त्यात कमीपणा नाही, हे आपल्याला कळतं. पण झोपायच्या आधी ती एकच वाक्य बोलली आणि माझं डोकं सटकलं. म्हणाली, "भाषणात आम्हाला आधुनिक हिरकणी म्हणाले."

हिरकणी! अहो गोष्ट तरी नीट आठवा. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, सांज झाली, दरवाजे बंद झाले, बाळ खाली गावात. पहारेकरी म्हणाले आता सकाळीच. मग ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिला साडीचोळी दिली, कौतुक केलं, आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधून घेतला. म्हणजे वाट बंद केली. आता महाराजांचं बरोबरच होतं, किल्ला होता तो, बाई उतरू शकते तर शत्रू चढू शकतो. पण सरकारी हॉस्पिटल काय किल्ला आहे का? इथेही तेच, कौतुक करायचं आणि दरवाजाला हात लावायचा नाही. दरवाजा उघडा ठेवला असता तर त्या बिचारीला कड्यावरून उतरावंच लागलं नसतं, हे आजवर एकाही भाषणात मी ऐकलेलं नाही.

आता खरी गंमत सांगतो. त्याच हॉस्पिटलात 'हिरकणी कक्ष' अशी पाटी असलेली एक खोली आहे. एसटी स्टँडवर असते ना, अंगावर पाजायला आडोसा म्हणून, तशी. चांगली रंगवलेली, भिंतीवर आई-बाळाचं चित्र. आणि दाराला कुलूप. आत सलाईनची रिकामी खोकी आणि जुन्या फायली. कॉलेजचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर उद्या हिच्याच थीसिसवरची सही अडकेल.

मला हे कसं माहीत? तर त्या रात्रीमुळे. जवळच्या काही जणांना सांगितलंय, आज सगळ्यांना सांगतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. हिची जेआर-१, म्हणजे रेसिडेन्सीचं पहिलं वर्ष, संपत आलेली. युनिटचा इमर्जन्सी डे. चिमीने संध्याकाळपासून "आई कधी, आई कधी" लावलेलं. सासूबाईंनी भाकरी आणि मेथीची भाजी डब्यात भरून दिली आणि म्हणाल्या जा घेऊन, दोघी दोन घास बरोबर खातील. गेलो ॲक्टिव्हावर. कॅज्युअल्टीच्या गेटवर सिक्युरिटीवाल्याने अडवलं, लहान मूल आत नाही. (त्याचं बरोबर होतं, आत इन्फेक्शन, कुणाला काय झालेलं असेल सांगता येत नाही. मान्य.) मग ही खाली आली, स्क्रबवरच, केस टोपीत कोंबलेले. बाईक स्टँडच्या पत्र्याखाली तिघं कट्ट्यावर बसलो. हिने चप्पल काढून मांडी घातली, चिमीला मांडीत घेतलं. दुसरा घास तोंडात आणि फोन वाजला. पलीकडून कुणीतरी ओरडतंय, बाळाचे ठोके उतरलेत, सिझरला घेतोय. ही उठायच्या आत चिमी खाली उतरली, आईची चप्पल उचलली आणि तिच्या पायासमोर सरळ लावून ठेवली. डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. तीन वर्षांची पोर. रडली नाही, काही नाही. "जा," म्हणाली.

ही पळाली. डबा तसाच उघडा. आम्ही दोघं तिथेच बसलो कारण पाऊस जोरात आला. आणि समोर, बरोब्बर समोर, त्या हिरकणी कक्षाची खिडकी. पावसात करायचं काय म्हणून चिमीला कडेवर घेऊन काचेतून मोबाईलचा टॉर्च मारला. तेव्हा दिसली ती खोकी.

हा किस्सा ज्याला सांगावा तो म्हणतो, "किती समजूतदार आहे रे पोरगी!" त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. तीन वर्षांच्या पोराने समजूतदार असू नये. त्याने भोकाड पसरावं, आईच्या ओढणीला लटकावं, जमिनीवर लोळावं. चप्पल सरळ करून देणारी पोर बघून कौतुक कसलं करता, पोटात खड्डा पडायला पाहिजे.

आता नेहमीचं उत्तर येईल, की पेशंट थांबत नाही. नाही थांबत, मान्य. ती त्या रात्री गेली नसती तर मीच तिला ढकललं असतं. ते बाळ वाचलं, आई पण नीट आहे, उसाच्या फडातून आलेली बाई होती, तिच्यापुढे आमचं दुःख म्हणजे चोचले, हेही मान्य. पण म्हणून रेसिडेंटने ३६ तास सलग उभं राहायचं आणि त्यांच्या लेकरांनी बाईक स्टँडवर जेवायचं हे देवाने लिहून ठेवलेलं नाहीये. हे माणसांनी लावलेलं ड्युटी चार्ट आहे.

आणि कागदावर काय आहे माहितीये? १९९२ सालच्या केंद्राच्या रेसिडेन्सी स्कीममध्ये लिहिलंय की आठवड्याला ४८ तास आणि एका दमात १२ तासांच्या वर ड्युटी नको. १९९२! तेव्हा ही स्वतः जन्मलेली नव्हती. मग २०२३ चे पीजीचे नवे नियम आले, त्यात तासांचा आकडाच नाही, 'वाजवी' कामाचे तास म्हणे, आणि आठवड्याची सुट्टी द्या पण कामाच्या निकडीनुसार. आता सरकारी हॉस्पिटलात निकड कधी नसते? मग २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या टास्क फोर्सने सुचवलं की आठवड्याला ७४ तासांच्या वर नको. म्हणजे ४८ चे ७४ झाले आणि ही सुधारणा! बरं ते ७४ तरी द्या. हिला मी ७४ म्हणालो तर ही हसायलाच लागली, म्हणाली तेवढ्यात तर माझा गुरुवार येतो.

पाळणाघराचंही तसंच. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवडे केली आणि जिथे ५० किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे पाळणाघराची सोय पाहिजे, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला पाहिजे असं सांगितलं. हॉस्पिटलात ५० माणसं तर एका मजल्यावर असतात. पण रेसिडेंटचं दुखणं वेगळंच आहे. काम करून घ्यायचं तेव्हा ती कर्मचारी, आणि काही मागितलं की ती विद्यार्थिनी. बाळंतपणाची रजा घेतली की टर्म पुढे जाते, परीक्षा बॅचमेटच्या मागे राहते, आणि युनिटमध्ये दबक्या आवाजात "हिला आत्ताच सुचलं का" हे वेगळंच. ज्या बाया बोलतात त्यात स्वतः दोन-दोन लेकरांच्या आया असलेल्या मॅडम पण असतात हो, "आम्ही नाही का काढलं?" असं म्हणणाऱ्या. काढलं, म्हणून काय पुढच्यांनी पण काढायचं?

हिची एक ज्युनिअर आहे. बाळंतपणानंतर रुजू झाली, बाळ गावी आजीकडे. पीएनसी म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डात भिंतीवर मोठ्ठं पोस्टर, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. ती पोरगी रोज त्या पोस्टरखाली उभी राहून बाळंतिणींना समजावून सांगायची कसं धरायचं, किती वेळाने पाजायचं, आणि दुपारी ड्युटी रूमच्या बाथरूममध्ये जाऊन स्वतःचं दूध पिळून बेसिनमध्ये सोडून द्यायची. कुलूप लावलेली खोली तिथून दोन जिने खाली. मला ही हे सांगत होती तेव्हा चेहरा एकदम कोरा, जसं काही पेशंटची हिस्ट्री सांगतेय.

सगळेच वाईट आहेत असं नाही म्हणत मी. हिच्या युनिटला एक लेक्चरर सर आहेत, चिमीला ताप होता तर न विचारता म्हणाले, "जा तू, सकाळपर्यंतच्या केसेस मी बघतो," आणि खरंच रात्रभर थांबले. आणि त्या पावसाच्या रात्री पण, आम्ही पत्र्याखाली बसलेलो तर वॉर्डातल्या मावशी छत्री घेऊन खाली आल्या. हिनेच पाठवलं असेल. त्यांच्या हातात फुगवलेला ग्लोव्ह, पेनाने डोळे-नाक काढलेला, पाच बोटांचा तुरा. "घे बाई, कोंबडा." चिमी एवढी हसली! मावशी पाच मिनिटं टेकल्या आमच्याजवळ. त्यांचा नातू घरी शेजारणीकडे झोपलेला, सून दुसऱ्या दवाखान्यात रात्रपाळीला. त्यांना कुणी गुलाब दिला का आज? मग दिला का? म्हणून पाळणाघर म्हणतो तेव्हा फक्त डॉक्टरांच्या पोरांसाठी म्हणत नाहीये मी, सिस्टरची, मावशींची, वॉर्डबॉय मामांची, सगळ्यांची पोरं त्यात पाहिजेत.

आणि डीआरपीचे ते तीन महिने! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पीजीच्या मुलांना मधे तीन महिने जिल्हा रुग्णालयात पाठवतात. आम्ही घाबरलेलो की आता घर दोन गावांत. पण हिला मिळालं ते आमच्याच बाजूच्या जिल्ह्यात, एसटीने दीड तास, आणि ड्युटी माणसांसारखी. ही रोज रात्री घरी! सुरुवातीला चिमीला कळेचना, आई सात वाजता घरात म्हणजे नक्की काय करायचं. तिच्याशी पाहुण्यासारखी वागायची, पाणी आणून द्यायची. मग हळूहळू हट्ट सुरू झाले. वरणभात आईनेच भरवायचा, मी भरवला तर थू करून टाकायची. एकदा ताट फेकलं. सासूबाई ओरडल्या, मला मात्र त्या ताट फेकण्याचा काय आनंद झाला म्हणून सांगू. तीन महिने संपले, परत कॉलेज, परत इमर्जन्सी, आणि आठवड्याभरात पोरगी परत शहाणी.

सासूबाईंबद्दल लिहायला गेलो तर वेगळी पोस्ट होईल. गावचं घर, शेत, सासरे सगळं सोडून आमच्या दोन खोल्यांत राहतायत. गुडघे दुखतात तरी चिमीमागे जिना चढतात. या राज्यातली किती सरकारी हॉस्पिटलं अशा आज्यांच्या गुडघ्यांवर उभी आहेत याचा हिशोब कुणी ठेवत नाही. ज्यांना आजी नाही त्यांनी काय करायचं? आमचं गावातलं पाळणाघर संध्याकाळी सातला बंद होतं, पाच मिनिटं उशीर झाला की त्या ताईंचा चेहरा बदलतो, आणि त्यांचंही बरोबर आहे, त्यांनाही घर आहे.

माझ्या एका काकांनी सकाळीच फॅमिली ग्रुपवर आनंदीबाई जोशींचा फोटो टाकलाय, हात जोडलेले इमोजी. तेच काका, हिने पीजीला ॲडमिशन घेतली तेव्हा म्हणाले होते, एमबीबीएस आहे ना, दवाखाना टाकून बसा, पोर मोठी होऊ द्या. आनंदीबाईंचं बाळ दहा दिवसांत गेलं, वेळेत नीट उपचार मिळाले नाहीत, म्हणून ती बाई १८८३ मध्ये बोटीत बसून अमेरिकेला गेली आणि १८८६ ला डॉक्टर होऊन दाखवलं. काका, फोटोला हात जोडताय ते ठीक आहे, पण घरातल्या डॉक्टरणीला रात्री फोन करून "आमच्या अमक्याला ॲडमिट करायचंय जरा बघ" म्हणता तेव्हा तिची पोर कुठे झोपलीये हे एकदा तरी विचारा. जाऊ दे. काका वाचत असतील तर वाचू देत.

तर मी काय ठरवलंय ते सांगतो. ड्युटीचे तास कमी करणं माझ्या हातात नाही, त्यासाठी मार्डवाले, म्हणजे रेसिडेंट डॉक्टरांची संघटना, किती वर्षं भांडतायत. पण ती खोली उघडता येते. खोकी स्टोअरमध्ये जातील, फायलींना रेकॉर्ड रूम आहे. एक गादी, एक फ्रिज, बेसिन, आतून कडी, आणि पुढच्या टप्प्यात रात्रपाळीला दोन बाया पगारावर. अर्ज मी टाइप करतोय, सह्या सिस्टर लोकांच्या आधी घ्यायच्या, मग मावशी-मामा, रेसिडेंटच्या शेवटी, म्हणजे एकीवर कुणी डूख धरणार नाही. बायको म्हणेल परीक्षेनंतर दे. परीक्षेनंतर आमचं काम झालेलं असेल, मग मी कशाला देईन, आणि सगळे असंच करतात म्हणून तर कुलूप आहे.

ती उठायच्या आत पोस्ट करतोय, उठली की डिलीट करायला लावेल. तेवढ्यात ज्यांना कुठल्या सरकारी हॉस्पिटलात रात्री चालणारं पाळणाघर माहीत असेल त्यांनी कमेंटमध्ये लिहा, कोण चालवतं, पैसे कुठून येतात, मुलं किती वयाची घेतात. अर्जाला जोडायला एक तरी चालू उदाहरण पाहिजे. आणि 'सलाम वहिनींना' लिहिणार असाल तर नका लिहू, प्लीज.